कोरी दिसणारी डिस्क

त्याने बटण दाबलं. ट्रे सरकत बाहेर आला. त्याने पुन्हा दाबलं, ट्रे आत गेला, आणि तो मान किंचित कलती करून, डोळे मिटून ऐकत राहिला.

“याचा आवाज मघाच्यापेक्षा बरा आहे,” तो म्हणाला.

“सारखाच आहे,” ती म्हणाली.

ती दुकानाच्या दारात उभी होती. एक पाय आत, एक पायरीवर. इथून काउंटरही दिसत होता आणि रस्ताही, आणि तिला रस्ताच जास्त जवळचा वाटत होता. काउंटरवर दुकानदाराने एक उघडा कॉम्प्युटर मांडला होता, त्याची झाकणं काढलेली, पंखा उघड्यावरच गरगरणारा. एकेक डीव्हीडी रायटर त्याला जोडायचा, चालवून दाखवायचा, काढायचा, दुसरा जोडायचा. हे मघापासून चाललं होतं. दुकानदाराच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर होता आणि चेहऱ्यावर अजिबात कंटाळा नव्हता. उलट असं गिऱ्हाईक बऱ्याच दिवसांनी मिळाल्याचं समाधान होतं.

“वहिनी, बसा ना आत येऊन,” तो म्हणाला. “साहेबांना घाई नाही. तुम्हालाच आहे. घरोघरी हे असंच.”

ती आत आली नाही. पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

येत्या रविवारी साहेब घर सोडून चालले होते, हे दुकानदाराला कसं कळणार? नदीपलीकडे एका इमारतीत त्याने खोली भाड्याने घेतली होती. जेवणाच्या टेबलावर, भांडी उचलून झाल्यावर, आवाज न चढवता हे ठरलं होतं. दोघांनाही आवाज चढवायची सवय नव्हती. चढवला असता तर कदाचित इथवर आलंच नसतं. कपडे ज्याचे त्याचे. पुस्तकं ज्याची त्याची. खारू शाळेच्या दिवसांत आईकडे आणि सुट्टीत बाबाकडे. खारू म्हणजे त्यांची मुलगी. लहानपणी सापडेल ते गालात कोंबून ठेवायची म्हणून हे नाव पडलं आणि दहा वर्षांची झाली तरी सुटलं नाही. तिलाही समोर बसवून सांगून झालं होतं. सगळं सरळ मार्गी लागलं आणि घोडं अडलं ते फोटोंवर. खारूच्या जन्मापासूनचे फोटो, तिच्या बोबड्या बोलण्याचे, रांगण्याचे, पाण्यात पहिली उडी मारण्याचे व्हिडिओ, सगळं घरच्या कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटर खारूला लागतो, तो घरीच राहणार. त्याला हवी होती प्रत. आणि घरचा जुना ड्राइव्ह नुसता डिस्क वाचणारा होता, लिहिणारा नव्हता.

“मग रायटर घेऊ,” ती तेव्हाच म्हणाली होती. “शनिवारी लिहून टाकू.”

तेव्हापासून हे तिसरं दुकान.

तो पुलांची तपासणी करायचा. हातात छोटी हातोडी घेऊन पुलाच्या पोटाखाली शिरायचं, काँक्रीट ठोकत जायचं आणि आवाज ऐकायचा. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की खडूने गोल. घाई करणाऱ्याने या कामाला हात लावू नये, असं तो म्हणायचा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिला या म्हणण्याचं कौतुक होतं. मग तो चपला घेतानाही असाच, पडदे घेतानाही असाच, असं लक्षात येत गेलं.

“म्हणजे बघा,” दुकानदाराने बोटं मोजायला घेतली, “हा नुसता वाचणार. हा कॉम्बो, डीव्हीडी वाचणार पण लिहिणार फक्त सीडी. आणि हे तिन्ही दोन्ही लिहिणार. प्लसवाली डिस्क घाला नाहीतर मायनसवाली, यांना फरक पडत नाही.”

“आणि ही पेटी?” तिने दारातूनच विचारलं.

कपाटाच्या वरच्या फळीवर डब्याएवढी एक काळी पेटी होती.

“हा बाहेरून जोडायचा, वहिनी. एक वायर लावली की झालं. कॉम्प्युटर खोलायला नको. उचलला की कुठेही न्या.”

“मग तोच घे,” ती त्याला म्हणाली. “फोटो लिहून झाले की तुला तिकडे नेता येईल.”

“तिकडे म्हणजे?” दुकानदाराने सहज विचारलं.

रस्त्यावरून एक रिकामा टेम्पो खडखडत गेला. 

“ऑफिसात,” तो म्हणाला. त्याने पेटी हातात घेतली, उलटीपालटी केली, परत ठेवली. मग आत बसवायच्या रायटरवर हात ठेवला, मघाशी ज्याचा आवाज त्याला बरा वाटला होता त्याच्यावर. “हा द्या. घरच्याच कॉम्प्युटरमध्ये बसवतो.”

तिला वाटलं, चुकीचं ऐकलं. “आणि तुझ्याकडे?”

“मला नुसतं बघायचंय. ऑफिसचा कॉम्प्युटर आहे, तो वाचतो.”

“वाचतो म्हणजे वाचणाराच ना नुसता?” दुकानदाराने खोक्याला दोरी बांधता बांधता मान वर केली. “मग एक ध्यानात ठेवा, साहेब. लिहायला सुरुवात करायच्या आधी सॉफ्टवेअर विचारतं, डिस्क शेवटी बंद करायची का. तिथे बरोबरची खूण असू द्या. बंद केली की तिच्यात पुढे काही टाकता येत नाही, पण ती कुठेही चालते. उघडी ठेवली तर नंतर भर घालता येते, पण मग नुसत्या वाचणाऱ्या ड्राइव्हला ती कोरी दिसते. जिने लिहिली ती मशीन वाचणार. फार तर दुसरा एखादा रायटर वाचेल. लोक खूण काढून टाकतात आणि मग माझ्या नावाने बोटं मोडत येतात, कोरी डिस्क परत दिली म्हणून.”

तो खोक्यातलं पत्रक उघडून वाचत उभा होता. ऐकलं की नाही कळायला मार्ग नव्हता. ती रस्त्याकडे बघत होती. ऐकलं मात्र तिने.

*

शनिवारी दुपारी खारूला पोहण्याच्या क्लासला सोडून आल्यावर त्याने कॉम्प्युटर आडवा करून जमिनीवर घेतला. स्क्रू काढून वाटीत ठेवले. जुना ड्राइव्ह ओढून काढला तेव्हा त्याच्यामागून धुळीची एक मऊ गादीच बाहेर आली आणि त्याने ती पंख्याखाली उडणार नाही अशा बेताने, चिमटीत धरून कागदावर ठेवली. ती खुर्चीवर बसून गुडघा हलवत होती. गुडघा हलतोय हे लक्षात आलं की थांबवायची. मग दुसरा हलायचा.

तिला हे आज, आत्ता, खारू परत यायच्या आत संपायला हवं होतं. पंधरा दिवस ती एका सरळ रेषेत चालत आली होती, इकडेतिकडे न बघता. रेषा संपत आली होती आणि तो अजून खोक्यातली सुटी वायर कुठे बसते ते तपासत होता. सासूबाईंना सांगायचं काम त्याच्याकडे होतं. म्हणजे ते अजून झालं नव्हतं. त्यांना वाटत होतं, लेक पुलांच्या दौऱ्यावर चाललाय.

कॉम्प्युटर पुन्हा उभा राहिला. नवा ट्रे बाहेर आला, जुन्यापेक्षा फिकट, दात बदललेल्या मुलासारखा कॉम्प्युटर जरा वेगळा दिसू लागला.

“सरक,” ती म्हणाली. “मी करते.”

कोऱ्या डिस्कांच्या गठ्ठ्यातली पहिली तिने काढली. पडद्यावर खिडकी आली: वेग किती, डिस्क बंद करायची का. बंद करायच्या चौकोनात बरोबरची खूण आधीपासूनच होती. तिने वेग सगळ्यात वरचा निवडला.

“इतक्या वेगाने नको,” तो मागून म्हणाला. “हळू लिहिलं की नीट लिहिलं जातं.”

“सोय दिलीये ती वापरायलाच दिलीये ना?”

तो मागे वळला. आत जाऊन पुस्तकं खोक्यात भरायला लागला.

रायटर घरघरायला लागला, मग घरघर वाढत जाऊन टेबल बारीक थरथरायला लागलं. टेबलावरची पेन्सिल हळूहळू कडेकडे सरकत होती. ती तिने बघितली पण उचलली नाही. काम संपायला थोडंच राहिलं असेल नसेल, आवाज एकदम खाली बसला. पडद्यावर लाल फुली आली. ट्रे आपण होऊन बाहेर आला आणि डिस्क समोर धरून उभा राहिला.

तो दारात आला.

“बोल,” ती म्हणाली. “काय बोलायचंय ते.”

“काही नाही. एक वाया गेली, गठ्ठा पडलाय.” त्याने डिस्क उचलली, उजेडात फिरवून बघितली. “चहाचा कप ठेवायला होईल.” आणि खरंच त्याने चहाचा कप तिच्यावर ठेवला. टेबलावर डाग पडतात म्हणून ती गेली कित्येक वर्षं त्याच्या मागे लागत आली होती.

तिला हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला. “मधला वेग ठेवते. ना तुझं ना माझं.”

“ठेव.” तो परत आत गेला. खोक्यांना दोरी बांधायला त्याला जमत नव्हतं, गाठ सुटत होती. थोड्या वेळाने त्याने हाक मारली आणि ती जाऊन त्याच्या खोक्यांना गाठी मारून आली. चारही खोक्यांना, दुहेरी, घट्ट. कामावर, प्रयोगशाळेत नमुन्यांच्या पिशव्यांना मारायची तशी गाठ. कापल्याशिवाय सुटत नाही.

परत येऊन ती पडद्यासमोर बसली. नवी डिस्क आत होती. वेग मधला. खाली तो चौकोन, आत बरोबरची खूण.

ती बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं आणि ठरलेल्या दिवशी गुंडाळी उघडून मोजायचं: उगवलेलं किती, वेडंवाकडं उगवलेलं किती, मेलेलं किती. आयुष्यात तिने एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. नव्या मुली चुकायच्या त्या एकाच ठिकाणी. उगवलं नाही की मेलं म्हणून मोकळ्या व्हायच्या. मग ती चिमट्याने ते बी दाबून दाखवायची. मेलेलं लगेच पिचकतं. काही मात्र दाबलं तरी टणक राहतं. त्यांचा रकाना वेगळा असतो, त्यांना मेलेल्यांत धरायचं नाही.

आतल्या खोलीत चिकटपट्टी फाडल्याचा आवाज झाला.

तिने बाण त्या चौकोनावर नेला. बोट उचललं. परत ठेवलं. खूण गेली, चौकोन पांढरा झाला. मग तिने, दुसरा काही विचार यायच्या आत, ‘सुरू करा’वर दाबलं.

आता मध्ये थांबवलं असतं तर ही डिस्कही वाया गेली असती. म्हणून ती थांबवत नाहीये, असं तिने स्वतःला सांगितलं. उठून ओटा पुसला, जो पुसलेलाच होता. खिडकीतली कुंडी फिरवली. बाहेरच्या खोलीत येऊन कॉम्प्युटरचा पडदा बघितला, परत आत गेली.

“बस जरा,” तो म्हणाला. जमिनीवर खोक्याला टेकून बसला होता. “तू अशी फिरायला लागलीस की मला वाटतं काहीतरी करपतंय.”

ती दाराच्या चौकटीला टेकली. बसली नाही.

“एक विचारू?” तो म्हणाला. “त्या वेळी ती दुसऱ्या गावची नोकरी आली होती तुला. संशोधनाची. तू सोडलीस.”

“तुझा निर्णय होईपर्यंत मुदत संपली होती.”

“माझा निर्णय झाला होता.”

तिने त्याच्याकडे बघितलं.

“झाला होता,” तो चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत म्हणाला. “जाऊ या म्हणून सांगायला आलो, तर तू म्हणालीस, मी नकार कळवलाय. तू विचारलंस कुठे? तू कळवलंस.”

  मुदतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तिने वाट बघितली होती, एवढं तिला नक्की आठवत होतं. पण त्याला मुदत कधी संपते हे सांगितलं होतं का, हे आठवेना. बाहेरच्या खोलीतली घरघर थांबली आणि टुण असा आवाज झाला.

“झालं का?” त्याने विचारलं.

“झालं.”

तिने डिस्क पाकिटात घातली, वर जाड पेनाने खारूचं नाव लिहिलं आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती सदऱ्याच्या खिशात घालून बघितली, मावली नाही, मग बॅगेच्या वरच्या कप्प्यात, पुलांच्या नकाशांच्या मध्ये, वाकणार नाही अशी ठेवली.

*

रविवारी तो गेला. सोमवारी तिने फोन दोनदा उचलून बघितला, चालू आहे ना म्हणून. मंगळवारी प्रयोगशाळेत एक गुंडाळी एक दिवस आधीच उघडली आणि पुन्हा ओली करून बंद केली. सोबतची बाई बघतच राहिली. तो फोन करेल, म्हणेल, अगं ही कोरी आहे. मग ती म्हणेल, अरे हो का, आण इकडे. एवढं साधं तिने ठरवलं होतं. पण फोन आला नाही. म्हणजे त्याने डिस्क लावूनच बघितली नव्हती. प्रत हवी होती ती हवी होती म्हणून. आता ती नकाशांत पडून राहील आणि कुठल्यातरी पावसाळी दौऱ्यात भिजून जाईल. ज्या गोष्टीसाठी तिने जन्मात पहिल्यांदा खोटं काम केलं, ती गोष्ट घडायचीच नाही असं दिसत होतं. आणि खोटं काम तर होऊन बसलं होतं.

फोन करून सांगावं का? बंद करायची राहिली, चुकून. ‘चुकून’ हा शब्द तिने मनात दोनदा म्हणून पाहिला. तो ऐकून घेईल आणि मान कलती करेल, हे तिला दिसलं. पोकळ आवाज त्याला ओळखू येतो.

गुरुवारी खारूच्या शाळेला सुट्टी होती. खारू दिवसभर बाबाच्या ऑफिसात जाऊन आली. आल्यावर तिने सांगितलं की बाबाची खुर्ची गोल फिरते, तिथले चष्मेवाले काका पेन्सिलीने पाठ खाजवतात, आणि बाबाच्या नव्या खोलीत आवाज घुमतो. आणखी काही विचारावं असं आईच्या ओठांवर आलं होतं. तिने खारूची वेणी सोडायला घेतली.

शनिवारी दुपारी बेल वाजली. खारूला पोहायला न्यायला तो आला होता. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा, पण कॉलर एका बाजूने दुमडलेली. ती सरळ करायला तिचा हात वर गेला आणि तिने तो दाराच्या कडीवर ठेवला.

“आईला सांगितलंस?” तिने विचारलं.

“नाही अजून.” मग त्याने बॅगेतून पाकीट काढलं. “अगं, ही कोरी दिसते.”

आठवडाभर ज्या वाक्यासाठी तिने जीव टांगणीला लावला होता ते असं उंबरठ्यावर, चपला काढता काढता आलं. तिने पाकीट घेतलं. आपला चेहरा कसा दिसतोय कुणास ठाऊक, म्हणून ती लगेच कॉम्प्युटरकडे वळली.

“कुठे लावलीस?”

“ऑफिसात. माझ्या टेबलावर. तो नुसता वाचणारा आहे ना.”

“हं. बघू इथे.”

तिने ट्रे बाहेर काढला, डिस्क ठेवली, आत सारली. तो तिच्या मागे उभा राहिला. वाया गेलेली ती डिस्क अजून टेबलावरच होती, चहाच्या गोल डागासकट. ती उचलायची राहून गेली होती. रायटर जरासा घरघरला, पडद्यावर फोटोंची रांग उलगडली. पहिल्याच फोटोत खारू, मुठीएवढी, डोळे गच्च मिटलेली.

“इथे दिसतात,” ती म्हणाली. तिच्या घशात पुढचं वाक्य तयार होतं. मी ती बंद केली नव्हती. एवढंच म्हणायचं, कारण सांगत बसायचं नाही. तिने श्वास घेतला.

खारू आतून आली. अंगात पोहण्याचे कपडे, डोक्याला घट्ट रबरी टोपी, त्यामुळे भुवया वर ओढलेल्या आणि चेहरा सतत आश्चर्य वाटल्यासारखा.

“अय्या, हे! बाबा, माझ्या उडीचा लाव ना. परवा अर्धाच राहिला.”

“कुठे राहिला?” तिने विचारलं.

“बाबाच्या ऑफिसात. बाबाच्या कॉम्प्युटरवर काही नव्हतंच, मग आम्ही चष्मेवाल्या काकांच्या कॉम्प्युटरवर लावली, त्यांच्याकडे आपल्यासारखाच लिहिणारा आहे. सगळे फोटो बघितले. आणि उडीच्या वेळी नेमकं काकांना काम आलं.”

कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज बराच मोठा आहे, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

तिने मागे वळून बघितलं नाही. पडद्याच्या काळ्या कडेत त्याची सावली दिसत होती. त्याने हात वर नेऊन दुमडलेली कॉलर सरळ केली आणि मग हात तिथेच राहू दिला. घशातलं वाक्य तिने गिळलं. ते आता लागणार नव्हतं. तिने उडीचा व्हिडिओ लावला. छोटी खारू फळीच्या टोकाशी उभी, नाक चिमटीत धरलेलं, आणि कॅमेऱ्यामागून त्याचा आवाज, सावकाश, घाई नाही, आणि तिचा, मार गं आता, आणि मग पाणी.

“परत,” खारू म्हणाली. ते परत बघितलं.

“यात थोडे नवीन आहेत,” तो म्हणाला. त्याने खिशातून कॅमेरा काढला होता. “खोलीचे. खारूने काढलेत. त्याच डिस्कवर टाकता आले तर... जागा असेल तर.”

“जागा आहे.”

तिने कॅमेऱ्याची वायर जोडली. खोलीचे फोटो तिरपे होते, मुलांनी काढलेले असतात तसे. खिडकी. नळ. एक खाट. तिच्या पलीकडे भिंतीशी चार खोकी, एकावर एक रचलेली. तिने फोटो मोठा केला. दोऱ्या होत्या तशाच होत्या. चारही गाठी, दुहेरी, तिने मारलेल्या.

“पुस्तकं लावली नाहीस?”

“गाठी सुटत नाहीत.”

“कात्रीने कापायच्या.”

“हो,” तो म्हणाला. “बघतो.”

पडद्यावर तीच खिडकी आली. वेग किती. डिस्क बंद करायची का. चौकोनात बरोबरची खूण होती. तो तिच्या खांद्यावरून बघत होता, पत्रक वाचावं तसा, ओळ न ओळ. तिने खूण काढली. त्याने ती काढताना पाहिली. मग तिने वेगाची यादी उघडली आणि खाली, आणखी खाली जात सगळ्यात शेवटच्या आकड्यावर थांबली.

“इतका कमी?” तो म्हणाला. “वेळ लागेल.”

“हळू लिहिलं की नीट लिहिलं जातं म्हणे.”

खारूने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “आपल्याला उशीर होतोय,” ती म्हणाली. “सर पहिल्या शिट्टीला आत घेतात, नाहीतर बाहेर बसवतात.”

त्याने घड्याळाकडे बघितलं, मग रायटरकडे. ट्रेच्या कडेचा बारीक दिवा लुकलुकत होता. “मग ही...”

“ही राहू दे इथे,” ती म्हणाली. “तुम्ही जाऊन या.”

दार लागलं. जिन्यात खारूच्या चपला फटफटत गेल्या, त्यांच्यामागे त्याची सावकाश पावलं. ती खुर्चीतच बसून राहिली. दोन्ही गुडघे स्थिर होते. टेबल या खेपेला थरथरत नव्हतं, घरघर इतकी हलकी होती की चालू आहे की नाही कळू नये. तिने मान किंचित कलती केली, डोळे मिटले, आणि ऐकू लागली.